जर्मन युद्धकाळातले छापील कागद: ओळखायचे कसे, किंमत काय धरायची आणि पुण्याच्या पावसात टिकवायचे कसे

पहिली गोष्ट, कागदावर स्वस्तिक दिसलं की लगेच खिशात हात घालू नका. जुन्या बाजारात बुधवार-रविवारी 'साहेब, हिटलरच्या टायमाचं आहे' म्हणून जे दाखवतात त्यातलं बरंचसं एकतर अलीकडे छापलेलं असतं, नाहीतर जर्मन असतं पण युद्धाचं नसतं, आणि कधीकधी तर आपल्याच कुठल्यातरी पेढीच्या चोपडीवरचं शुभ-लाभवालं स्वस्तिक असतं, ते बिचारं रविवार पेठेच्या बाहेरसुद्धा कधी गेलेलं नसतं. खरे युद्धकाळातले कागद बहुतेक वेळा दिसायला कंटाळवाणे असतात. रेशनकार्डाचं अर्धं कापलेलं पान, सैनिकाचं तिकीट न लावलेलं पोस्टकार्ड, कैद्याने छापील फॉर्मवर पेन्सिलीने लिहिलेलं पत्र, असलं काहीतरी. आणि अभ्यासाला तेच बरे, बरेचदा पैशालाही तेच बरे, कारण त्यांची नक्कल करायच्या भानगडीत फारसं कोणी पडत नाही.

आधी काळ पक्का करा

जर्मन युद्धकाळ म्हणजे दोन वेगळे काळ, १९१४ ते १९१८ आणि १९३९ ते १९४५. आपल्याकडे सगळ्यात जास्त सापडतो तो माल या दोन्हीच्या आगेमागेचा. उदाहरणार्थ ती मोठी १०० मार्कची नोट, तिच्यावर २१ एप्रिल १९१० अशी तारीख असते, पुण्यात ती कुठल्याही नाणी-नोटांच्या प्रदर्शनात दिसते. ही तारीख छपाईची नाही, त्याच तारखेने ती नोट पुढे कितीतरी वर्षं छापत राहिले. तिच्यावरचे शिक्के आणि नंबर लाल असले तर आधीची छपाई, हिरवे असले तर पहिलं महायुद्ध संपल्यानंतरची. म्हणजे हिरव्या शिक्क्याची नोट 'युद्धकाळातली' म्हणून घेतलीत तर चुकलात. तसंच १९२२-२३ च्या हजारो ते कोट्यवधी मार्कांच्या नोटा, त्या महागाईच्या काळातल्या आहेत, युद्ध संपून चार-पाच वर्षं झाली होती, तरी विकणारा हमखास महायुद्धाच्या म्हणूनच देतो. गावोगावच्या नगरपालिकांनी काढलेल्या रंगीत चित्रांच्या छोट्या नोटा असतात त्यांना नोटगेल्ड म्हणतात. त्या १९१४ पासून निघाल्या खऱ्या, पण ज्या सुंदर चित्रांच्या सेटमध्ये मिळतात त्या बहुतेक १९२०-२२ च्या, आणि त्यातल्या कितीतरी संग्राहकांना विकायलाच छापल्या होत्या, बाजारात फिरल्याच नाहीत.

पहिल्या महायुद्धाचा खरा कागदी पैसा हवा असेल तर ऑगस्ट १९१४ तारखेच्या एक आणि दोन मार्कांच्या कर्जकोषाच्या (सरकारी कर्ज-कचेरीच्या) नोटा बघा, चांदीची नाणी लोकांनी दडवायला सुरुवात केली म्हणून काढलेल्या. दुसऱ्या महायुद्धात वापरातल्या नोटा म्हणजे १९३७ तारखेची एक आणि दोन रेंटेनमार्क, १९३९ ची बाईचं चित्र असलेली वीस राइख्समार्क, १९४२ ची तरुण मुलाचा चेहरा असलेली पाच राइख्समार्क, आणि लीबिग या रसायनशास्त्रज्ञाचं चित्र असलेली १९३५ ची शंभर राइख्समार्क. शिवाय जिंकलेल्या प्रदेशात चालवायला छापलेल्या राइख्सक्रेडिटकासेनच्या नोटा, ज्यांच्यावर तारीखच नसते. यातलं दुर्मिळ जवळजवळ काहीच नाही, पण सुरुवात करायला हे उत्तम, कारण हातात खरा कागद येतो आणि बोटांना सवय होते.

तिकिटांचं सोपं आहे. 'डॉइचेस राइख' म्हणजे जर्मन राष्ट्र असं लिहिलेलं असेल तर १९४३ पर्यंतचं डिझाइन, त्या वर्षाच्या शेवटाकडून पुढे 'ग्रोसडॉइचेस राइख' म्हणजे महाजर्मन राष्ट्र यायला लागलं. हिटलरच्या चेहऱ्याची नेहमीची मालिका ऑगस्ट १९४१ मध्ये निघाली आणि ती इतकी छापली की आजही ढिगाने मिळते. तेव्हा कोणी एक तिकीट दाखवून 'रेअर आहे' म्हणालं तर हसून पुढे जा.

छापील मजकुरावरून काळ ओळखायच्या काही युक्त्या सांगतो, या खरोखर कामाला येतात. एक म्हणजे लिपी. ते काळं, टोकदार, जुनाट जर्मन अक्षर असतं त्याला फ्राक्टूर म्हणतात, लोकांना वाटतं हेच नाझींचं अक्षर. उलट ३ जानेवारी १९४१ ला नाझी पक्षातला बडा अधिकारी बोरमान याच्या सहीचं परिपत्रक निघालं आणि सरकारी वापरातून हे अक्षर बंद करून साधं रोमन अक्षर आणायचं ठरलं. जुने ठसे पडून होते म्हणून नंतरही काही छपाई फ्राक्टूरमध्ये झाली, पण १९४४ चं सरकारी मानपत्र डोक्यापासून पायापर्यंत टोकदार अक्षरात असेल तर संशय घ्या, नक्कल करणाऱ्याला ते अक्षर फार आवडतं. दुसरं म्हणजे पिनकोड. पत्त्यात गावाच्या आधी दोन आकडी विभाग नंबर पत्रांसाठी १९४३-४४ च्या सुमाराला आला, चार आकडी कोड १९६० च्या दशकात आणि पाच आकडी १९९३ मध्ये, त्यामुळे '१९४२ च्या' कागदावर छापखान्याच्या पत्त्यात चार किंवा पाच आकडी कोड दिसला की तिथेच विषय संपला. तिसरं गावांची नावं. पोलंडमधल्या वूज शहराचं नाव जर्मनांनी १९४० मध्ये लिट्समानश्टाट केलं आणि ते १९४५ पर्यंतच टिकलं, म्हणजे ते नाव छापलेलं असेल तर काळ आपोआप बांधला जातो. चौथं कागदाचं माप, आपण आज वापरतो ती ए४-ए६ मापं जर्मनीत १९२२ मध्ये ठरली, तेव्हा पहिल्या महायुद्धाचं म्हणून दिलेलं पत्रक अगदी बरोब्बर ए४ भरत असेल तर जपून. त्या काळातली पोस्टकार्डं साधारण ९ बाय १४ सेंटिमीटरची असतात, दुसऱ्या महायुद्धातली बरीचशी ए६, म्हणजे थोडी मोठी.

जर्मन वाचता येत नाही म्हणून अडून बसू नका. पुण्यात प्रत्येक सोसायटीत एकतरी मुलगी किंवा मुलगा मॅक्सम्युलर भवनात नाहीतर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकून बसलेला असतो, त्याला चहा पाजा. फक्त एक लक्षात ठेवा, त्यांनाही टोकदार छापा पहिल्यांदा अडखळवतो कारण त्यातला लांब एस हा एफसारखा दिसतो, आणि हाताने लिहिलेलं असेल तर ती ज्यूटरलीन नावाची शाळेत शिकवलेली लिपी असू शकते जी आजच्या जर्मन माणसालाही सहज वाचता येत नाही. छापील मजकुरात 'ड्रुक' म्हणजे छपाई, 'फेरलाग' म्हणजे प्रकाशक, आणि 'नाखड्रुक' म्हणजे पुनर्मुद्रण. पण जुन्या मालावरसुद्धा 'नाखड्रुक फरबोटेन' म्हणजे पुनर्मुद्रणाला मनाई असं छापलेलं असतं, तेव्हा नुसता नाखड्रुक शब्द दिसला म्हणून नक्कल ठरवू नका, पुढचा शब्दही वाचा.

खरं की खोटं

दोन वस्तू विकत घ्या, दहापट मोठं दाखवणारं भिंग (घड्याळवाले डोळ्याला लावतात तसलं) आणि ३६५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च, तपकीर गल्लीत विचारा. टॉर्च अंधारात मारायची. साधारण १९५० नंतर कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चकाकी आणणारी रसायनं घालायला लागले आणि असा कागद यूव्हीखाली निळसर-पांढरा पेटतो. युद्धकाळातला कागद मंद, पिवळट किंवा तपकिरी दिसतो, पेटत नाही. कागद पेटला तर तो त्या काळचा नाही, मग विकणारा काहीही सांगो. पण पेटला नाही म्हणून खरा, असं मात्र नाही! जुन्या पुस्तकांची कोरी पानं फाडून त्यावर छापणारे महाभाग जगभर आहेत आणि जुनी रद्दी काही फक्त पुण्यात मिळत नाही.

म्हणून भिंग. आजची इंकजेट छपाई भिंगाखाली इकडेतिकडे उडालेल्या रंगीत शिंतोड्यांची दिसते, लेझर प्रिंटरची अक्षरं कागदावर चिकटलेल्या चमकदार पावडरीसारखी, कडेला बारीक काळे कण सांडलेले. रंगीत फोटोकॉपीत काळी रेघसुद्धा निळ्या-लाल-पिवळ्या ठिपक्यांची बनलेली असते. खऱ्या टायपाच्या छपाईत अक्षराच्या कडेला शाई जरा जास्त साचलेली दिसते, आणि कागद तिरपा धरून बोट फिरवलंत तर मागच्या बाजूला अक्षरांचा दाब जाणवतो. मासिकांचे फोटो तेव्हा ग्रॅव्ह्यूरने, म्हणजे कोरलेल्या पत्र्यावरून, छापलेले असायचे, त्यात काळी छटा मखमली, मऊ दिसते. रबरी शिक्का असेल तर तोही भिंगाखाली घ्या, खरा शिक्का म्हणजे शाई कागदात मुरलेली, कडा जराशा फुगलेल्या. ठिपक्या-ठिपक्यांचा शिक्का म्हणजे शिक्का नव्हे, शिक्क्याचा फोटो.

चहाच्या पाण्यात बुडवून जुनाट केलेला कागद सगळीकडे सारखा तपकिरी असतो, घडीच्या आतसुद्धा. नैसर्गिकरीत्या जुना झालेला कागद कडेला आणि उजेड लागलेल्या भागात जास्त गडद, आत फिकट. घड्या मोडलेल्या जागी तंतू सुटलेले असतात. मासिक असेल तर पिना बघा, त्या गंजून कागदावर डाग पडलेला असतो, आणि चकचकीत नव्या पिनांचं ऐंशी वर्षांचं मासिक हा चमत्कार आहे.

सगळ्यात जास्त खोटं काय? एसएसचं (नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाचं) काहीही, मोठ्या नावांच्या सह्या, पदकांची मानपत्रं, आणि सैनिकांची ओळखपुस्तकं. ओळखपुस्तकांत दोन प्रकार असतात. वेअरपास हे भरतीची नोंदणी झाल्यावर मिळायचं आणि प्रत्यक्ष सेवेत गेल्यावर ते तुकडीकडे जमा व्हायचं, झोल्डबुख हे सैनिक स्वतःजवळ बाळगायचा. त्यामुळे खऱ्या झोल्डबुखावर खिशात राहिल्याच्या खुणा असतात, घामाने मऊ पडलेलं पुठ्ठ्याचं कव्हर, वेगवेगळ्या हातांच्या, वेगवेगळ्या शाईच्या नोंदी. सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच वळणाच्या असतील तर सोडून द्या. नवख्या माणसाने या फंदात पडूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडचा धागा

आता मला सगळ्यात आवडतो तो भाग. जर्मन युद्धकाळाचा कागद पुण्याच्या आसपास येतो कुठून? काही तर संग्राहकांनी आणलेला. पण काही कागद इथे स्वतःच्या पायाने आलेत.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातल्या जर्मन नागरिकांना पकडून अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) छावणीत ठेवलं होतं. दुसऱ्या महायुद्धात परत नगर, देवळाली, डेहराडून, आणि कुटुंबांसाठी सातारा आणि पुरंदर. हो, आपला पुरंदर, ट्रेकला जातो तो. या लोकांना जर्मनीहून रेडक्रॉसमार्फत पत्रं यायची, छापील फॉर्मवर, त्यावर 'क्रीग्सगेफांगेनेनपोस्ट' म्हणजे युद्धकैद्यांची टपाल असं छापलेलं, एका बाजूला जर्मन सेन्सॉरचा शिक्का आणि दुसरीकडे ब्रिटिश-हिंदुस्थानी सेन्सॉरचा. असं दोन्ही शिक्के असलेलं, सातारा किंवा पुरंदरच्या पत्त्यावरचं पाकीट मिळालं तर मी दहा हिटलर-तिकिटांचे संच त्याच्यावरून ओवाळून टाकीन. जर्मन सेन्सॉरच्या पट्टीवर 'गेऑफनेट' म्हणजे उघडलं असं छापलेलं असतं आणि शिक्क्यात एक अक्षर असतं, त्यावरून कुठल्या शहरात उघडलं ते कळतं: ए म्हणजे क्यौनिग्सबेर्ग, बी बर्लिन, सी कोलोन, डी म्युनिक, ई फ्रँकफर्ट, एफ हॅम्बुर्ग, जी व्हिएन्ना.

दुसरा रस्ता म्हणजे आपले सैनिक. उत्तर आफ्रिकेत पकडलेले हिंदी सैनिक जर्मनीत आनाबुर्गसारख्या छावण्यांत होते, तिथूनच नेताजींच्या फ्री इंडिया लीजनची, म्हणजे जर्मनीत उभारलेल्या हिंदी फौजेची, भरती झाली. इटलीत मराठा लाइट इन्फंट्री लढली, नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो तिथलाच. त्या आघाडीवर जर्मन बाजूने हिंदी सैनिकांसाठी पत्रकं टाकली जायची. अशा पत्रकाच्या कोपऱ्यात बारीक कोड छापलेला असतो, कधी त्यात महिना-वर्षही सापडतं. सातारा, कोल्हापूर, कोकणातल्या फौजी घरांत आजोबांच्या डिस्चार्ज सर्टिफिकेटच्या घडीत असं एखादं पत्रक निघू शकतं. निघालं तर ते सर्टिफिकेट आणि पत्रक वेगळं करू नका! एकत्र असल्यामुळेच त्याला अर्थ आहे.

पहिल्या महायुद्धातही बर्लिनजवळ वुन्सडॉर्फला हिंदी आणि मुसलमान कैद्यांसाठी अर्धचंद्र छावणी होती, तिथे 'हिंदोस्तान' नावाचं वर्तमानपत्र हिंदी आणि उर्दूतून निघायचं. त्याचा एखादा अंक समोर आला तर पहिल्यांदा खाली बसा, मग भाव विचारा.

आणि आझाद हिंदची तिकिटं. ही १९४३ मध्ये बर्लिनच्या सरकारी छापखान्यात, राइख्सड्रुकेरायमध्ये छापली गेली, डिझाइन आक्स्टर-हॉइडट्लास या नवरा-बायकोचं. कधी टपालात वापरलीच गेली नाहीत. दाते असलेली आणि नसलेली दोन्ही मिळतात. यातून एक सोपा नियम निघतो, टपालाचा खरा शिक्का बसलेलं आझाद हिंदचं तिकीट किंवा 'पोस्टाने गेलेलं' पाकीट कोणी दाखवलं तर ते बनावट आहे, चर्चा करायची गरज नाही. कोऱ्या तिकिटांच्याही नकला निघाल्यात, तिथे परत भिंग आणि टॉर्च.

अजून एक नाजूक प्रकार. ऑक्टोबर १९३८ पासून जर्मनीतल्या ज्यूंच्या पासपोर्टवर लाल 'जे' चा (जर्मनमधल्या ज्यू या शब्दाचं पहिलं अक्षर) शिक्का मारत होते, आणि असे पासपोर्ट घेऊन काही कुटुंबं मुंबई-पुण्याकडे आली, युद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिशांनी त्यातल्या काहींना जर्मन म्हणून आतही टाकलं. असा कागद, किंवा ज्यूंना कोंडलेल्या टेरेझीनश्टाट छावणीच्या १९४३ तारखेच्या नोटा (मोझेस हातात पाट्या धरून उभा आहे त्या) हाती लागल्या तर बाजारभाव बघायला हरकत नाही, त्या नोटा बऱ्यापैकी मिळतातही. पण पासपोर्टवर माणसाचं नाव आणि फोटो आहे, त्याचे नातेवाईक असतील. मी तो आधी एखाद्या अभिलेखागाराला कळवेन, विकायचं नंतर.

किंमत

किंमत चार गोष्टींवर ठरते, किती उरलंय, कुठल्या स्थितीत आहे, पूर्ण आहे का, आणि कुठून आलं हे सांगता येतं का. आपल्याकडे लोक पहिल्या दोनवरच अडकतात.

तिकिटांसाठी मिखेलचा कॅटलॉग, जर्मन नोटांसाठी रोझेनबेर्गचा, जगभरच्या नोटांसाठी पिकचे नंबर, हे तिन्ही संग्राहक मंडळींकडे बघायला मिळतात. कॅटलॉगमधला आकडा म्हणजे विक्रीची किंमत नव्हे. नेहमीच्या तिकिटांना त्याचा एक लहानसा हिस्साच मिळतो. खरा भाव बघायचा तर ऑनलाइन लिलावांत 'विकलं गेलेलं' असा फिल्टर लावून बघा, मागितलेली किंमत बघू नका, कारण मागायला काय, कोणीही काहीही मागतं.

१९१० ची शंभर मार्क, १९२३ च्या सामान्य नोटा, हिटलर-तिकिटांचे कमी किमतीचे संच, कोरी प्रचारकार्डं ही सगळी शेकड्यातली खरेदी, हजारात गेलात तर फसलात. सैनिकी टपाल, म्हणजे फेल्डपोस्ट, हे मोफत जायचं म्हणून त्यावर सहसा तिकीट नसतं, फक्त 'फेल्डपोस्ट' लिहिलेलं, गोल शिक्का आणि पाच आकडी फेल्डपोस्ट नंबर. नुसतं पाकीट स्वस्त, आत पत्र असेल तर जास्त, आणि नंबरावरून तुकडी शोधून काढलीत तर अजून जास्त. हा शोध घरी बसून होतो, म्हणून हौशी माणसाला हाच प्रकार सगळ्यात परवडतो. रेशनची कार्डं ऑगस्ट १९३९ च्या शेवटी सुरू झाली, कुपनं न कापलेलं अख्खं पान असेल तर भाव वेगळा, कपड्यांच्या पहिल्या कार्डावर वर्षाचे १०० पॉइंट होते तेही अख्खं क्वचित मिळतं. 'सिग्नाल' हे जर्मन सैन्याचं प्रचारी मासिक १९४० ते ४५ मध्ये अनेक भाषांत निघायचं, मधली रंगीत पानं फाडून फ्रेम करायची सवय लोकांना होती म्हणून घेताना पानं मोजा, मधली जोडी नसेल तर किंमत कोसळते. मोठी पोस्टरं, उदाहरणार्थ फ्रिट्स एर्लरचं १९१७ चं युद्धकर्जाचं, यांचे असंख्य रिप्रिंट आहेत, चकचकीत कागदावरचं गुंडाळलेलं पोस्टर म्हणजे नवंच समजा.

तिकिटांच्या मागच्या डिंकाबद्दल एक खास इथली गोष्ट. 'कोरं, डिंक एकदम फ्रेश' या शब्दांवर जास्त पैसे मागतात. पुण्या-मुंबईच्या अल्बममध्ये ऐंशी पावसाळे काढलेल्या तिकिटाचा डिंक पिवळा पडलेला, तडकलेला, नाहीतर पानाला चिकटलेला असणार. तो गुळगुळीत आणि एकसारखा असेल तर एकतर तिकीट हल्लीच युरोपातून आलंय, नाहीतर डिंक नव्याने लावलाय. दात्यांच्या टोकांवर डिंक चढून ती कडक झाली असतील तर दुसरं.

पाकिटावरचा पाण्याच्या ओहोळाचा तपकिरी डाग किंमत कमी करतो हे खरं, पण जुन्या पेठांतून निघालेल्या कागदांवर तो असेल तर घरच्यांना विचारा, १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरातून वाचलेली ट्रंक आहे का. असेल तर ती माहिती लिहून ठेवा, कागद तेव्हा पुण्यातच होता हे त्यातून कळतं.

खूप महागाचं काही असेल तर स्वतःच्या डोळ्यांवर जाऊ नका. जर्मन तिकिटं तपासणाऱ्या अधिकृत परीक्षकांची बीपीपी ही संघटना आहे, त्यांचं प्रमाणपत्र असलेलं तिकीट विकायलाही सोपं जातं.

टिकवायचं कसं

युद्धकाळातला कागद मुळातच हलका, लाकडाच्या लगद्याचा, आम्लधर्मी. म्हणजे तो आतूनच झिजतो, आपण फक्त वेग कमी करू शकतो. पुण्यात दोन शत्रू, जून ते सप्टेंबरची दमट हवा आणि वर्षभर कसर.

काय करायचं नाही ते आधी. झेरॉक्सच्या दुकानात नेऊन लॅमिनेशन करू नका, ही पुणेकरांची खास सवय, दहावीच्या मार्कशीटपासून आजोबांच्या सनदेपर्यंत सगळं लॅमिनेट, आणि एकदा केलं की कागद कायमचा गेला. सेलोटेप नको, रबरबँड नको, स्टेपल नको. सर्टिफिकेट ठेवायच्या त्या मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या फाइली बहुतेक पीव्हीसीच्या असतात, त्यांना शाई चिकटते. इस्त्री मारून घड्या घालवू नका. डांबरगोळ्या कागदाशेजारी ठेवू नका, आणि आजीच्या कडुलिंबाच्या पाल्याबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, पाला कागदात ठेवला की त्याचा ओलावा आणि डाग कागदालाच लागतात.

करायचं ते असं: प्रत्येक कागद पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात (मायलार म्हणून मागा), दोन बाजूंनी उघडं असलेलं चांगलं, मागे आम्लविरहित जाड कागदाचा आधार. अशी पाकिटं नीट झाकण बसणाऱ्या पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यात, तळाला पाच नंबरचं चिन्ह असतं तसला डबा बोहरी आळीत हवा त्या मापाचा मिळतो. आत कापडी पिशवीत सिलिका जेल, कागदाला न टेकणारी, आणि हवेतली आर्द्रता मोजणारा एक छोटा हायग्रोमीटर. आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास राहिली की झालं, पासष्टच्या वर सतत गेली की बुरशी येणारच. पावसाळ्यात सिलिका जेल अधूनमधून तापवून परत कोरडी करावी लागते, लोक एकदा ठेवतात आणि विसरतात, मग ती नुसती शोभेची. डबा बाहेरच्या भिंतीला लागून किंवा कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात नको, तळमजल्यावर ओढ्याजवळ राहत असाल तर अजिबातच नको, सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याने काय केलं ते आठवा.

बाजारातून आणलेला कागद थेट संग्रहात ठेवू नका. कसर किंवा अंडी दिसली तर हवाबंद पिशवीत घालून, शक्य तेवढी हवा काढून, दोनेक आठवडे डीप फ्रीजरमध्ये, मग पिशवी न उघडता एक दिवस बाहेर, म्हणजे पाणी कागदावर न सुटता पिशवीवर सुटतं. घरच्यांना आधी सांगून ठेवा, आईस्क्रीमशेजारी राइख्सबँकेची जर्मन नोट बघून प्रश्न विचारले जातात. बुरशीची पावडर असेल तर मोकळ्या हवेत, मास्क लावून, मऊ ब्रशने बाहेरच्या दिशेने, ओल्या फडक्याने कधीच नाही.

हाताळताना हात धुऊन कोरडे करा, सुती हातमोज्यांपेक्षा स्वच्छ हात बरे कारण मोज्यात कड अडकून फाटते. फाटलेला कागद जोडायचा तर गव्हाच्या स्टार्चची खळ आणि जपानी टिश्यू, पण हे शिकल्याशिवाय करू नका, भांडारकर संस्थेत हस्तलिखितं जतन करायचं काम चालतं, तशा ठिकाणच्या जाणकाराला विचारा. सैनिकी पत्रांतली जांभळी कॉपिंग पेन्सिल आणि शिक्क्यांची जांभळी शाई थेंबभर पाण्यानेही पसरते, तेव्हा 'धुऊन साफ करून देतो' म्हणणाऱ्याच्या हातात काही देऊ नका. भिंतीवर लावायची हौस असेल तर चांगला स्कॅन करून, सहाशे डीपीआयवर, सपाट स्कॅनरवर, तो स्कॅन फ्रेम करा आणि मूळ कागद अंधारात ठेवा.

प्रत्येक कागदाबरोबर एक वेगळी चिठ्ठी, कुठे मिळाला, कधी, कोणाच्या घरातून, किती दिले, शेजारी अजून काय होतं. मूळ कागदावर लिहायचं नाही, पेन्सिलीनेही नाही.

विकायचं झालं तर

भारतात असे कागद जवळ ठेवायला बंदी नाही. जर्मनीत मात्र नाझी चिन्हं जाहीरपणे दाखवण्यावर फौजदारी कायद्याच्या ८६ए कलमाखाली बंधनं आहेत, संशोधन-शिक्षणासाठी सूट आहे, म्हणून तिकडच्या लिलावांच्या फोटोंत स्वस्तिकावर पट्टी मारलेली दिसते, त्याने घाबरू नका. मोठ्या ऑनलाइन बाजारांचेही या मालाबद्दल स्वतःचे नियम आहेत, जाहिरात टाकायच्या आधी वाचा नाहीतर खातं बंद होतं. आणि परदेशी गिऱ्हाईक मिळालं म्हणून लगेच पार्सल बांधू नका, आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात ऐतिहासिक महत्त्वाचं हस्तलिखित किंवा दस्तऐवज पंचाहत्तर वर्षांपेक्षा जुना असेल तर तो पुरावस्तूत मोडू शकतो आणि पुरावस्तू खासगी माणसाला बाहेर पाठवता येत नाही. शंभर मार्कच्या नोटेने कोणाचं काही अडत नसेल, पण पुरंदरच्या कैद्यांच्या पत्रांचा गठ्ठा असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून पुरावस्तू नसल्याचा दाखला मिळतो का ते आधी विचारा. तो नाही मिळाला तर गिऱ्हाईक भारतातच शोधा, आणि गठ्ठा सुटा करून विकू नका.